गोळीची सकाळ कोणती?

वाचकाचं पत्र, थोडक्यात

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातून ४७ वर्षांच्या एका शेतकरी भाऊंचं पत्र आहे. सहा एकर वावर, विहीर, पऱ्हाटीसोबत हरभरा आणि थोडा गहू. त्यांच्या फीडरवर थ्रीफेज लाईन, म्हणजे विहिरीवरचा पंप चालवणारी वीज, आठवड्यातले तीन दिवस दिवसा असते आणि चार दिवस रात्री १० ते सकाळी ६. बीपीची गोळी तीन वर्षांपासून चालू आहे, शुगरची मागच्या दिवाळीपासून. दोन्ही 'सकाळी' घ्यायला सांगितल्या आहेत. पण रात्रीच्या ओलिताच्या दिवसांत सकाळ झाली की ते झोपायला जातात. गोळ्या घेऊन, चहासोबत दोन बिस्किटं खाऊन साडेसातला पडतात. दहाच्या सुमारास घामानं निथळत, छाती धडधडत जाग येते, आणि मग डोळ्याला डोळा लागत नाही. मोबाईलवर एक व्हिडिओ पाहिला. त्यात म्हणे, शरीरात घड्याळ असतं, बीपीची गोळी रात्रीच घ्यावी, सकाळी घेतली तर वाया जाते, आणि रात्री एक ते तीन ही लिव्हरची वेळ असते. शेजाऱ्याच्या सांगण्यावरून मेडिकलमधून झोपेची गोळी आणून पंधरा दिवस घेतली. आता घरी झोपायच्या रात्रीही दोनला डोळे उघडतात. बायको म्हणते, रात्रीचं ओलित सोडा. यांचं म्हणणं, "माझ्या बापानं जन्मभर वावरात रात्री काढल्या, त्याले काही झालं नाही. शरीराले सवय लागतेच. तुम्ही फक्त गोळ्यांचा बरोबर टाइम सांगा." वडील आता ७४ वर्षांचे आहेत, त्यांना पहाटे चारला दम लागतो, हेही जाता जाता एका ओळीत लिहिलं आहे.

उत्तर

भाऊ,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्या वाचनात गोळ्यांच्या वेळेचं उत्तर डोक्यात तयारही झालं होतं. दुसऱ्यांदा वाचताना मात्र दहा वाजताच्या त्या घामापाशी अडले. तेव्हा तुम्ही विचारलंत ते नंतर सांगते, न विचारलेलं आधी.

शुगरच्या गोळीची पट्टी घ्या आणि चष्मा लावून त्यावरचं बारीक अक्षरातलं नाव वाचा. नुसतं 'मेटफॉर्मिन' असेल तर गोष्ट वेगळी. पण त्याच्या जोडीला 'ग्लिमेपिराइड' किंवा 'ग्लिक्लाझाइड' लिहिलं असेल, आणि आपल्याकडे ही जोडगोळी फार चालते, तर तुमची झोप घड्याळानं नाही, रिकाम्या पोटानं मोडली असण्याची शक्यता आहे. ही औषधं स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात. आज तुम्ही काय खाल्लं, याची चौकशी ती करत नाहीत. डॉक्टर 'सकाळी घ्या' म्हणाले तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर झोपून उठलेला माणूस होता. तो गोळी घेणार, पोटभर न्याहारी करणार आणि कामाला लागणार. तुम्ही रात्रभर स्प्रिंकलरचे पाइप उचलून, चिखल तुडवून येता, गोळी घेता, दोन बिस्किटं खाता आणि आडवे होता. दोन-अडीच तासांत साखर घसरली की शरीर तुम्हाला खडबडून उठवतं. घाम, धडधड, हाताला कापरं, कधी उगाच भीती. तुमचं वर्णन याच्याशी फार जुळतं.

पत्रावरून निदान करायला मी बसलेली नाही. पण साखर मोजायचं मीटर घरी असणं तुमच्यासारख्याला गरजेचं आहे. पुढच्या वेळी तसा घाम फुटला की आधी बोट टोचा. आकडा ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून प्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा, आणि सावरलात की नीट जेवा. मीटर हाताशी नसेल तर न मोजताच साखर घ्या, एका वेळेनं काही बिघडत नाही. घामासोबत छातीवर दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ असेल तर मात्र मोजत बसू नका, १०८ ला फोन लावा. आणि उद्याच तुमच्या डॉक्टरांना विचारा: "रात्रीच्या ओलिताच्या दिवसांत ही गोळी मी झोपून उठल्यावर, जेवणासोबत घेऊ का? डोस तोच ठेवू की कमी?" तोवर एक करा. ही गोळी घेऊन पोटभर न जेवता झोपू नका. स्वतःच्या मनानं कायमची बंदही करू नका. माझा अंदाज आहे की तुम्ही रात्री काम करता हे त्यांना कुणी सांगितलेलंच नाही. आम्ही डॉक्टर विचारत नाही, तुम्ही सांगत नाही. बत्तीस वर्षं तालुक्याच्या गावी दवाखाना चालवला, त्यातली पहिली दहा मीही 'सकाळ-संध्याकाळ' लिहून मोकळी होत असे. लाईनचं टायमिंग विचारायचं मला एका पेशंटच्या बायकोनं शिकवलं.

झोपेच्या गोळीची मला अधिक धास्ती वाटली. साखर उतरल्यावर जाग येणं हे तुमच्या शरीराचं राखण आहे. गुंगीची गोळी त्या राखणदारालाच निजवते. पट्टीवर 'अल्प्राझोलाम' लिहिलेलं असेल तर ते एच-वन यादीतलं औषध आहे. चिठ्ठीशिवाय विकायचं नाही आणि विकलं की रजिस्टरात नोंद करून ती तीन वर्षं जपायची, असा नियम आहे. तो गावोगाव कसा पाळला जातो हे तुम्हालाही ठाऊक आहे, मलाही. या गोळ्या थांबवल्यावर काही रात्री झोप आधीपेक्षा जास्त बिघडते. घरी असताना दोनला जाग येते त्यात याचा वाटा असू शकतो, आणि ते उतरतं. पण अजून घेत असाल, किंवा पंधरा दिवस म्हणता म्हणता महिने झाले असतील, तर एकदम तोडू नका, डॉक्टर ती हळूहळू कमी करून देतील. आणि गुंगी डोळ्यांत घेऊन विहिरीच्या काठावर जायचं नाही. तिथं घोणसही असते, हे मी तुम्हाला काय सांगायचं.

आता वडिलांचं. त्यांनी जन्मभर रात्री काढल्या, असं तुम्ही म्हणता. एकदा त्यांच्यापाशी बसून विचारा, कशा काढल्या. त्यांच्या तरुणपणी मोट असेल तर ती दिवसा चालायची, बैलाला रात्री कोण जुंपतो? ऑइल इंजिन आलं तेही मालकाच्या मर्जीनं सुरू व्हायचं. जागलीला ते नक्की जात असतील, पण जागल म्हणजे माळ्यावर गोधडी पांघरून पडायचं, डुकराचा नाहीतर रोह्याचा आवाज आला की उठून डबा वाजवायचा, आणि पुन्हा पडायचं. तुटक का होईना, ती झोपच होती. रात्री दहा ते सहा उभं राहून पाणी फिरवणं ही काही आपल्या वाडवडिलांची रीत नाही. ते फीडरच्या वेळापत्रकानं आणलेलं काम आहे. त्याची सवय लागली नाही म्हणून तुम्ही कमी पडलात, असं समजू नका.

सवय का लागत नाही, तर घड्याळाची गोष्ट खरी आहे. व्हिडिओनं तिचं भलतंच केलं, एवढंच. १७२९ साली द मेरान नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानं लाजाळूचं झाड अंधाऱ्या जागी ठेवलं. ऊन दिसत नसतानाही त्याची पानं दिवसाच्या वेळी उघडायची आणि रात्री मिटायची. म्हणजे वेळ झाडाच्या आतच कुठंतरी होती. आपल्या आत ती मेंदूच्या तळाशी असते, डोळ्यांच्या नसा एकमेकींना ओलांडतात त्याच्या जरा वर, सुमारे वीस हजार पेशींच्या पुंजक्यात. पेशीच्या आत हे घड्याळ कसं चालतं ते फळमाशीवर शोधून काढणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग या तिघांना २०१७ मध्ये नोबेल मिळालं. या घड्याळाला चावी देतो तो उजेड, तोही डोळ्यांवाटे. तुम्ही कितीही ठरवलं तरी ते दिवसाला साधारण एखाद तासच सरकतं. चार रात्रींत ते जेमतेम हलायला लागतं, तोवर तुमची दिवसाची लाईन येते. चार दिवस अमेरिकेच्या वेळेनं आणि तीन दिवस यवतमाळच्या वेळेनं जगण्यासारखं आहे हे. म्हणून मी तर म्हणते, घड्याळाला रात्रीची सवय लावायच्या नादाला लागूच नका. ते दिवसावरच टिकवून धरा, आणि रात्रीचं काम त्याच्या कडेकडेनं बसवा.

'एक ते तीन लिव्हरचा वेळ' हे चिनी परंपरेतलं चक्र आहे, या घड्याळाशी त्याचा संबंध नाही. ते सोडून द्या.

बीपीच्या गोळीचं काय? निरोगी माणसाचं बीपी झोपेत दहा ते वीस टक्के उतरतं आणि पहाटे उठायच्या सुमारास चढतं. हार्ट अ‍ॅटॅक सकाळी जास्त येतात, त्यामागचं हे एक कारण. त्यावरून रात्री गोळी घेण्याची कल्पना निघाली, आणि स्पेनमधल्या एका अभ्यासानं तिचा फार मोठा फायदा दाखवला. मग ब्रिटनमध्ये २१,१०४ लोकांवर हेच तपासलं. निम्म्यांनी सकाळी घेतली, निम्म्यांनी संध्याकाळी, पाच वर्षांहून जास्त काळ. २०२२ मध्ये निकाल आला: हार्ट अ‍ॅटॅक, लकवा, मृत्यू, कशातच फरक नाही. सकाळी घेतलेली वाया जात नाही आणि रात्री घेतलेली जादू करत नाही. वाया जाते ती विसरलेली. आणि तुमच्या पत्रातून मला दिसतं ते हेच, की दिवस-रात्रीच्या फेऱ्यात तुमची गोळी आज सातला, उद्या अकराला, परवा राहून गेली, असं होत असणार. अ‍ॅम्लोडिपिन असेल तर ती अंगात दीडेक दिवस सहज रेंगाळते, चार तास इकडेतिकडे चालतात. अख्खा दिवस चुकलेला चालत नाही.

म्हणून घड्याळातली वेळ शोधण्याऐवजी असा विचार करा: तुमच्या दिवसात अशी कुठली गोष्ट आहे जी लाईन दिवसा असो की रात्री, हलत नाही? तुमची सकाळ हलते. दुपार हलते. माझ्या मते संध्याकाळचं जेवण हलत नाही. वावरात जायच्या आधी, सातच्या सुमारास, सगळं घर एकत्र ताटावर बसतं. बीपीची गोळी त्या ताटाला बांधता येईल. डॉक्टरांना तसं विचारा. एकच अडचण संभवते. गोळीच्या नावामागे 'एच' किंवा 'सीटी' असेल तर बहुतेक वेळा तिच्यात लघवी वाढवणारं औषध मिसळलेलं असतं. ती रात्री घेतली तर घरी झोपायच्या दिवशी दोनदा उठाल. तसं असेल तर ते दुसरी गोळी देतील किंवा सकाळचीच ठेवतील. वेळ बदलायच्या दिवशी दुप्पट गोळी मात्र घेऊ नका.

जेवणाचंही त्यातच येतं. रात्री दीड-दोनला धुऱ्यावर बसून डबा खाता ना? मध्यरात्री खाल्लेली तीच भाकर दिवसापेक्षा साखर जास्त चढवते, कारण त्या वेळी इन्सुलिनची बाजू ढिली असते. मोठं जेवण सातला करा. मध्ये भूक लागली तर मूठभर फुटाणे, ताक. पण साखर उतरल्यासारखं वाटलं तर हा नियम गुंडाळून ठेवायचा आणि साखर खायची. खिशात चार-पाच गोळ्या असू द्या, चोखायच्या पेपरमिंटच्या म्हणते मी.

झोपेचं आता नीट ऐका, मला सर्वांत जास्त तेच सांगायचं आहे. रोजच्या झोपेचा एक तुकडा कायमचा ठरवून टाका, निदान चार तासांचा, जो दोन्ही प्रकारच्या दिवसांत त्याच वेळी येईल. पहाटे दोन ते सहा हा सर्वांत चांगला. दिवसाच्या लाईनच्या दिवसांत तुम्ही दहा ते सहा झोपताच, त्यात तो येतो. रात्रीच्या लाईनला तो वाचवायचा तर रात्र वाटून घ्यावी लागेल. दहा ते दोन तुम्ही, दोन ते सहा दुसरं कुणी. भाऊ असेल, पोरगा असेल. नसेल तर धुऱ्याला धुरा लागून ज्याचं वावर आहे त्यालाही रात्रभर जागायचंच आहे. एका रात्री पहिल्या पाळीत तुम्ही दोघांचे पाइप बदला, दुसऱ्या पाळीत तो. आमच्या घरचंही ओलिताचं वावर आहे, शेजाऱ्याशी बोलणं बंद असताना हे जमत नाही हे मी पाहिलं आहे, म्हणून आधी बोलणं सुरू करा. तुमची पाळी कायम पहिलीच ठेवा, कारण औषधं तुमची चालू आहेत.

कुणीच नसेल तर चार तासांचंच ओलित करून दोनला पंप बंद करा. अर्धी रात्र पाणी गेलं तर पीक वाळेल ही भीती दरवेळी खरी नसते. आपल्या भारी जमिनीत हरभऱ्याला नेमकी वेळ साधून दिलेली दोन पाणी पुष्कळदा पुरतात, जास्त पाण्यानं तो नुसता माजतो. गव्हाचं वेगळं, त्याला पाळ्या जास्त लागतात. हे कृषी सहायकांना विचारून ठरवा, मी दवाखान्यातली बाई.

आणि तेही शक्य नसेल, सहापर्यंत थांबावंच लागत असेल, तर दोन गोष्टी. एक, जायच्या आधी साडेसात ते साडेनऊ झोप काढून जा. दोन, डिसेंबरात आपल्याकडे सूर्य पावणेसातच्या आसपास उगवतो. लाईन सहाला जाते. म्हणजे तुमच्याकडे पाऊण तास आहे. त्या पाऊण तासात घर गाठा, टपरीवर थांबू नका. तिथं चहा, तंबाखूचा खर्रा आणि कोवळं ऊन तिन्ही मिळतात आणि तिन्ही झोपेचे वैरी. उशीर झालाच तर दुपट्टा डोळ्यांवर ओढून या, पण गाडीवर नको, रात्रभर जागलेल्यानं तशीही मोटरसायकल हळूच चालवावी. खोलीच्या खिडकीला पोतं लावा, पंखा आवाजापुरता लावा, पोरांना सांगा. चार-पाच तास मिळाले की उठा, अंगावर ऊन घ्या, जेवा.

सकाळच्या झोपेवरून घरातले म्हातारे टोकतात, म्हणून हेही सांगते. रात्रीचं जागरण झालं तर जितकं जागलं त्याच्या निम्मं सकाळी, जेवणाआधी झोपावं, असं आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात वाग्भटानं सांगून ठेवलं आहे. तुमच्या झोपेला शास्त्राची परवानगी आहे. ग्लिमेपिराइड घेणाऱ्यानं मात्र त्या 'जेवणाआधी'चा अर्थ 'गोळीही नंतर' असा घ्यायचा, आणि तो डॉक्टरांना विचारून.

खर्रा आणि चहा. जागं राहायला घोटलेला खर्रा लागतो, हे मला तुम्ही लिहिलेलं नाही, पण यवतमाळ जिल्हा मला माहीत आहे. तंबाखूनं झोप उडते आणि बीपी चढतं, तोंडाच्या कॅन्सरबद्दल वेगळं बोलायला नको. चहाचा अंमल निम्मा उतरायला पाच-एक तास लागतात, तेव्हा शेवटचा चहा रात्री बारापर्यंत. मेलाटोनिनच्या गोळ्यांची जाहिरात दिसली असेल. ती झोपेची गोळी नाही, घड्याळ सरकवणारी आहे. संध्याकाळी घेतली तर एका दिशेला सरकतं, सकाळी घेतली तर उलट दिशेला. तुमच्या फिरत्या वेळापत्रकात ती स्वतःहून घेऊ नका.

घरी असताना दोनला जाग आली तर अर्धा तास कूस बदलत पडू नका. उठून बसा, मंद उजेडात काहीतरी कंटाळवाणं करा, डोळे जड झाले की परत पडा. मोबाईल नको. सकाळी मात्र ठरलेल्या वेळीच उठायचं, रात्र कशीही गेली तरी.

तुमच्या निमित्तानं बाकीच्यांसाठीही सांगते, कारण 'ही गोळी कधी?' असं विचारणारी पत्रं बरीच येतात. थायरॉइडची उपाशीपोटी, चहाच्या अर्धा-एक तास आधी, चहासोबत नाही. अ‍ॅसिडिटीची पँटोप्राझोल जेवणाच्या अर्धा तास आधी, जळजळ सुरू झाल्यावर नव्हे. स्टिरॉइड दिवसातून एकदाच असेल तर सकाळी जेवून, कारण शरीराचं स्वतःचंही तेव्हाच चढतं, आणि रात्री घेतलं तर झोप उडते. कोलेस्टेरॉलची सिमव्हास्टॅटिन रात्री, कारण यकृत कोलेस्टेरॉल रात्री जास्त बनवतं आणि ती गोळी लवकर उतरते. अ‍ॅटोरव्हास्टॅटिन, रोसुव्हास्टॅटिन मात्र कधीही चालतात. म्हणजे काही गोळ्यांची वेळ घड्याळाशी बांधलेली असते, काहींची ताटाशी, काहींची कशाशीच नाही. आपली कुठली, हे चिठ्ठी हातात पडताच विचारून तिच्यावर लिहून घ्यायचं.

बायकोचं म्हणणं मी बाजूला टाकलेलं नाही. दिवसा लाईन मिळाली तर यातलं निम्मं पत्र लिहावं लागलं नसतं. २०१७ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा हेतूच शेतीला दिवसा वीज हा आहे, २०२३ पासून तिचा दुसरा टप्पा चालू आहे. तुमचा फीडर त्यात कधी येतो ते ग्रामपंचायतीतून लेखी विचारा, आणि अर्जात 'बीपी-शुगरचे पेशंट गावात इतके' हा आकडा आशाताईंकडून घेऊन घाला. पिकाचं नुकसान सगळेच लिहितात.

राहिले वडील. तुम्ही 'दमा' लिहिलेलं नाही, 'दम लागतो' लिहिलं आहे, आणि ते बरं केलंत. पहाटे चारच्या सुमारास श्वासनलिका सर्वांत जास्त आवळतात, म्हणून दमा त्या वेळी उठतो हे खरं. पण ७४ व्या वर्षी तोच दम हृदय थकल्यामुळेही लागतो. आडवं पडल्यावर वाढतो का, उठून बसलं की कमी होतो का, पायावर सूज आहे का, उशा दोनाच्या तीन झाल्या का, हे त्यांना विचारा आणि या आठवड्यातच दाखवून आणा. दमाच निघाला तर पंप मिळेल, तुमचा विहिरीवरचा नव्हे, तोंडानं ओढायचा. तो कसा ओढतात ते डॉक्टरांसमोर करून दाखवायला लावा, बहुतेक जण चुकीचाच ओढतात आणि औषध लागू पडत नाही म्हणतात. आराम वाटला तरी रोजचा पंप सोडायचा नाही.

मीटर आणलंत की चार सकाळचे आकडे, वेळ आणि काय खाल्लं होतं ते एका कागदावर लिहा. तो कागद आधी डॉक्टरांना दाखवा. मग वाटलं तर मलाही पाठवा.